हिरवं पाणी आणि दर रविवारची धुलाई

प्रश्न : आमच्याकडे साधारण १०० लिटरची काचेची टाकी आहे. मुलाच्या हट्टामुळे तीन महिन्यांपूर्वी आणली. तीत चार गोल्डफिश आहेत, हीटर नाही. पहिले काही आठवडे पाणी छान स्वच्छ होतं, मग हिरवं व्हायला लागलं. आता दर रविवारी मासे बादलीत काढून मी सगळं पाणी फेकते, खडी घासते, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुते. दोन दिवस टाकी चकचकीत दिसते आणि पुढच्या शनिवारपर्यंत पाणी इतकं हिरवं होतं की मासे दिसत नाहीत. काचेवर तपकिरी थर आणि दगडांवर हिरवे तंतूही आहेत. टाकी खिडकीजवळ आहे. दिवा सकाळी लावतो तो रात्री झोपतानाच बंद करतो. दुकानदाराने शेवाळ मारायच्या औषधाची बाटली दिली आहे आणि एक सकर मासा आणायला सांगितलं आहे. बाटली अजून उघडलेली नाही. काय करू?
— हिरव्या पाण्याला कंटाळलेली वाचक

उत्तर : ताई, बाटली उघडली नाहीत हे फार बरं केलंत. ती तशीच बंद राहू द्या. सकरही आणू नका. आणि येत्या रविवारी टाकी धुऊ नका. या तिसऱ्या गोष्टीला तुमचा हात धजणार नाही हे मला कळतं, कारण टाकी स्वच्छ ठेवायची म्हणूनच तुम्ही दर आठवड्याला एवढे कष्ट घेताय. पण तुमचं पत्र वाचून माझं मत पक्कं झालं आहे, की शेवाळ परत परत येतंय ते याच धुलाईमुळे. बाकीची कारणं आहेत, ती पुढे सांगते. मूळ मात्र इथे आहे.

मासे जे खातात त्यातल्या नत्राचा बराचसा भाग ते कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतात. गोल्डफिश तर खादाड प्राणी. त्याला वेगळं जठर नसतं, अन्न आतड्यातून भराभर पुढे सरकतं, त्यामुळे तो सतत खातो आणि सतत घाण करतो. अमोनिया माशांना विषारी आहे. जुन्या, मुरलेल्या टाकीत त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. ते पाण्यात मोकळे फिरत नाहीत, तर फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, दगडांवर एक पातळसा चिकट थर करून राहतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात आणि ते पाणी बदलून काढता येतं.

तुम्ही दर रविवारी नेमका हा थर धुऊन टाकता. स्पंजवरचे जिवाणू नळाच्या धारेने निघून जातात, उरलेसुरले पाण्यातल्या क्लोरीनने मरतात. सोमवारी मासे पुन्हा अमोनिया सोडायला लागतात आणि तो खायला टाकीत कोणीच नसतं. कोणीच म्हणजे शेवाळाशिवाय कोणी नसतं. पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ अमोनिया फार आवडीने उचलतं, आणि तुमच्याकडे त्याच्या जोडीला दिवसभराचा उजेड आहे. दर आठवड्याला सगळं पाणी फेकल्यामुळे तुमच्या टाकीत नायट्रेट साठायला सवडच मिळत नाही. म्हणून 'नायट्रेट वाढलंय, पाणी जास्त बदला' हा नेहमीचा सल्ला तुमच्या टाकीला लागू पडत नाही.

सगळं पाणी फेकूनही शेवाळ उरतं कसं, हा प्रश्न तुम्हाला पडला असणारच. खडीच्या फटीत, ओल्या काचेवर, अगदी माशांच्या अंगावरही काही पेशी शिल्लक राहतात. उजेड आणि खाद्य भरपूर असेल तर हे शेवाळ साधारण एका दिवसात दुप्पट होतं. समजा तुम्ही शंभरातल्या नव्व्याण्णव पेशी फेकल्या आणि एकच उरली. रोज दुप्पट या हिशेबाने सातव्या दिवशी तिच्या १२८ होतात. रविवार ते शनिवार हा तुमचा अनुभव या गणितात चपखल बसतो.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून जरा धीर येईल. ते हिरवं पाणी सध्या तुमच्या माशांना सांभाळतंय. जिवाणू नसताना अमोनिया उचलण्याचं काम तेच करतंय, नाहीतर एव्हाना एखादा मासा दगावला असता. जपानमध्ये रांचू जातीचे गोल्डफिश वाढवणारे जाणकार मुद्दाम हिरवं पाणी राखतात, मासे त्यात चांगले वाढतात. तेव्हा पाणी हिरवं दिसलं म्हणून मासे आजारी आहेत असं मुळीच नाही. पण याचा दुसरा अर्थ असा, की जिवाणूंची सोय होण्याआधी हे शेवाळ एकदम मारलं तर अमोनियाचा सगळा भार उघडा पडतो. औषध आत्ता नको म्हणते ते त्यासाठी.

म्हणून आधी फिल्टर मुरवायचा, मग शेवाळाला हात घालायचा. हा क्रम उलटा करू नका.

फिल्टर मुरायला वेळ लागतो, आणि थंड पाण्यात जास्त लागतो. हे जिवाणू पंचवीस-तीस अंशाला जोमात वाढतात, पंधरा-अठराला रेंगाळतात. हीटर असलेल्या टाकीत चार ते सहा आठवड्यांत होणारं काम तुमच्याकडे आठ आठवडे किंवा जास्तही घेईल. तोवर पाणी हिरवटच राहणार, हे मनाशी धरून चाला. फिल्टर चोवीस तास चालू ठेवा. रात्री आवाज होतो म्हणून बंद करू नका, प्रवाह थांबला की स्पंजमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळेनासा होतो. ओळखीत कोणाची जुनी आणि निरोगी माशांची टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. याने कित्येक आठवडे वाचतात. मासे आजारी पडत असलेल्या टाकीतला तुकडा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका.

या काळात अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं टेस्ट किट घ्या. औषधापेक्षा हा खर्च कामाचा. एक दिवसाआड मोजा. दोन्ही शून्य असले तर उत्तम. अमोनिया ०.२५ पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) किंवा वर दिसला तर चौथा भाग पाणी बदला, १ च्या आसपास गेला तर अर्धं. मोजायची वेळ शक्यतो एकच ठेवा, कारण हिरव्या पाण्यात दिवसभरात खूप फरक पडतो. उजेडात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पीएच चढतो, म्हणजे पाणी जास्त अल्कधर्मी होतं, आणि पीएच चढला की तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो. संध्याकाळचा आकडा मला जास्त खरा वाटतो.

पाणी बदलताना मासे टाकीतच राहू द्या. सायफनची नळी खडीत खुपसून तळातली घाण ओढून घ्या, एका वेळी खडीचा एखादा भागच करा, सगळी खडी ढवळू नका. नवं पाणी क्लोरीन घालवणारं द्रावण टाकून आणि तापमान टाकीतल्या पाण्याइतकं झाल्यावरच ओता. पाणी दिवसभर उघडं ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं, पण काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं उडत नाही. त्याला द्रावणच लागतं. स्पंज गाळाने बुजला आणि प्रवाह मंदावला तरच धुवा, तोही टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळून. पांढरा करायचा नाही, तपकिरी राहिलेलाच बरा. साबण कशालाही लावू नका.

उजेडाचं काम मात्र आजच करा, त्याला थांबायचं कारण नाही. सकाळपासून झोपेपर्यंत दिवा म्हणजे चौदा-पंधरा तास झाले. माशांना त्याची गरज नाही, त्यांना दिवस-रात्र यांचा फरक कळला की पुरे, आणि पापण्या नसल्यामुळे त्यांना अंधाराचा आराम हवाच असतो. दिव्याला टायमर लावा आणि सहा ते आठ तासांवर आणा. संध्याकाळी घरातली मंडळी टाकीसमोर बसतात ते तास धरा, म्हणजे दिवा कमी केल्याची हळहळ मुलालाही वाटणार नाही. खिडकीचा प्रश्न दिव्याहून मोठा आहे. थेट ऊन टाकीवर येत असेल तर टायमर लावूनही फरक दिसणार नाही. टाकी हलवणं म्हणजे ती रिकामी करणं, ते आत्ता नको. पडदा लावा, किंवा खिडकीकडच्या काचेला बाहेरून जाड काळा कागद चिकटवा. उन्हाने पाणीही तापतं. तापलेल्या पाण्यात शेवाळ भराभर वाढतं आणि प्राणवायू कमी मावतो: १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, २५ अंशाला जेमतेम ८. थंड पाण्याच्या माशांना हा फरक जाणवतो.

खाद्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण घरात लहान मूल आणि टाकीत गोल्डफिश म्हटलं की जास्त खाऊ पडत असणार असं धरून चालते. गोल्डफिश माणूस दिसला की काचेशी येऊन तोंड उघडझाप करतात. ती भूक नाही, सवय आहे. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. मुलाच्या हातात डबा देऊ नका, आईने रोज सकाळी एका छोट्या वाटीत दिवसाचं खाद्य काढून ठेवायचं आणि मुलाने तेच टाकायचं. आठवड्यातून एक दिवस उपास. खाली पडून कुजणारा प्रत्येक दाणा शेवाळाच्याच पोटात जातो.

अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य राहिले की समजा फिल्टर तयार झाला. तेव्हा पाणी आपोआप निवळलं असेल तर पुढचं काही करायला नको. अजूनही हिरवं असेल तर अंधाराचा उपाय करा. चौथा भाग पाणी बदला, दिवा बंद करा आणि टाकी चारही बाजूंनी जाड चादरीने किंवा काळ्या कागदाने पूर्ण झाका. वर हवा जायला फट ठेवा. फिल्टर चालू, शिवाय एअर पंप लावून बुडबुडे चालू, कारण अंधारात शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. असं तीन ते चार दिवस. मोठ्या, धडधाकट गोल्डफिशना एवढे दिवस खाद्य नाही मिळालं तरी काही होत नाही. रोज एकदा कोपरा उचलून मासे ठीक आहेत ना एवढं बघा. ते पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत असतील तर झाकण काढा आणि तिसरा भाग पाणी लगेच बदला. चौथ्या दिवशी उघडल्यावर तिसरा भाग ते अर्धं पाणी बदला, मेलेलं शेवाळ सायफनने काढा, स्पंज बादलीत पिळा आणि पुढचे चार-पाच दिवस अमोनियावर लक्ष ठेवा.

यूव्ही दिव्याचं एक उपकरण मिळतं, त्यात बंद नळीतून पाणी दिव्याजवळून जातं आणि तरंगणाऱ्या पेशी मरतात. हिरव्या पाण्यावर ते खरंच गुणकारी आहे, आठवड्याभरात पाणी पारदर्शक होतं, आणि स्पंजवरच्या जिवाणूंना त्याचा त्रास होत नाही. पण काचेवरच्या किंवा दगडावरच्या शेवाळाला ते काही करत नाही, आणि बंद केलं की मूळ कारण शिल्लक असेल तर पाणी पुन्हा हिरवं होतं. अंधाराने काम झालं नाही तर घ्या. आधी नको.

तपकिरी थराची चिंता सोडा. ते डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेले सूक्ष्म जीव. नव्या टाकीत ते येतातच आणि टाकी मुरली की बहुधा आपण होऊन जातात. तुमची टाकी दर रविवारी नवी होते, म्हणून ते गेले नाहीत. मऊ स्पंजने पुसलं की निघतात. दगडांवरचे तंतू नव्या कोऱ्या टूथब्रशवर गुंडाळून ओढून काढा, उजेड कमी झाला की त्यांचा जोरही ओसरेल. पुढेमागे काचेवर बारीक, टणक हिरवे ठिपके दिसतील. ते खरवडायला जुनं प्लास्टिकचं कार्ड पुरतं. चुंबकाचा ब्रश वापरत असाल तर त्यात खडा अडकलेला नाही ना बघा, नाहीतर काचेवर कायमचा ओरखडा पडतो. एकच प्रकार मात्र आढळला तर कळवा: निळसर हिरवी, बुळबुळीत, पापुद्र्यासारखी सुटणारी आणि उग्र वास येणारी साय. ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात आणि त्यांची वाट वेगळी आहे.

आता सकरबद्दल. त्या नावाने मिळतो तो बहुतेक वेळा प्लेको, दक्षिण अमेरिकेतल्या उबदार नद्यांमधला मासा. त्याला गोल्डफिशपेक्षा गरम पाणी लागतं. दुकानात बोटाएवढा दिसतो आणि वाढून फूटभराहून मोठा होतो. घाणही भरपूर करतो. शिवाय पोट भरलं नाही तर रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्यांच्या त्वचेवरचा बुळबुळीत थर ओरबाडतो, आणि तिथे जखमा होतात. एवढं सगळं करून तो हिरवं पाणी खात नाहीच. तो काचेवरचं, दगडावरचं खरवडतो, तरंगणाऱ्या पेशी त्याच्या कामाच्या नाहीत. चार माशांनी भरलेल्या टाकीत पाचवा मासा टाकून घाण कमी कशी होणार? छोट्या गोगलगाई सुचवल्या तर गोल्डफिश त्या खाऊन टाकतात, कठीण शंखाच्या नेराइट गोगलगाई टिकतात, पण त्याही हिरव्या पाण्यावर उपाय नव्हेत.

बाटलीत काय आहे ते लेबलवर वाचा. तांबं असेल तर गोगलगाई आणि वनस्पतींना ते बाधतं. पण घटक कुठलाही असो, धोका तोच: लाखो पेशी एकाच वेळी मरतात, कुजतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि पोटातलं नत्र पुन्हा पाण्यात सोडतात. रात्री औषध घातलेल्या टाकीत सकाळी मासे पृष्ठभागावर धापा टाकताना दिसतात ते याने. दुकानदाराचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण तुमचा फिल्टर दर आठवड्याला कोरा होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

वनस्पती लावाव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण शेवाळाचं खाद्य त्याच पळवतात. हॉर्नवर्ट किंवा इलोडिया भराभर वाढतात, गोल्डफिश त्यांचा फडशा पाडतात, तरी थोडं थोडं आणून टाकत राहिलं तर चालतं. जावा फर्न आणि अनुबियसची पानं चिवट असतात, त्यांना ते सहसा तोंड लावत नाहीत. दोन्ही दगडाला दोऱ्याने बांधा, त्यांचं आडवं खोड खडीत पुरलं तर कुजतं. सगळ्यात सोपं म्हणजे मनी प्लांट: मुळं पाण्यात, पानं टाकीच्या बाहेर. मुळं धरली की तो पाण्यातलं नत्र जोमाने ओढतो. मुळं मासे कुरतडतील, म्हणून ती फिल्टरच्या पेटीत किंवा जाळीच्या आत सोडा.

एक अवघड गोष्ट शेवटी ठेवली आहे. १०० लिटरला चार गोल्डफिश जास्त होतात. टाकीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला १००० ने भागा, म्हणजे नेमके लिटर कळतील, खडी-दगडांची जागा त्यातून वजा करा. दोन शेपट्यांच्या, गुबगुबीत जातींसाठी पहिल्या माशाला सुमारे ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० असा साधारण संकेत आहे. त्या हिशेबाने चौघांना दोनशे लिटरच्या घरात टाकी हवी. लांबट, एका शेपटीचे असतील तर ते फूटभर वाढू शकतात, त्यांना त्याहून मोठी जागा किंवा हौद लागतो. आत्ता मासे लहान असतील तर टाकी काही महिने निभावून नेईल, पण तेवढ्या अवधीत मोठी टाकी घ्यायची की दोन मासे मोठी टाकी असलेल्या कोणाला द्यायचे, हे घरात बसून ठरवा. मुलालाही त्या बोलण्यात घ्या, त्याचे मासे आहेत. नदी-तलावात मात्र सोडू नका, पाळीव गोल्डफिश आणि सकर यांनी अनेक देशांतल्या जलाशयांत तिथल्या माशांचं जगणं कठीण केलं आहे.

फिल्टर मुरल्यावर आठवड्याला पाव ते तिसरा भाग पाणी बदलणं पुरेल. तेव्हापासून नायट्रेटही मोजा, चाळीस पीपीएमच्या खाली ठेवा. समजा कधी ते ८० दिसलं, तर पाव पाणी बदलल्यावर ६० होतं, पुन्हा पाव बदललं की ४५, आणखी एकदा केलं की ३४ च्या आसपास, नळाच्या पाण्यात नायट्रेट नाही असं धरून. एकदम सगळं बदलायची वेळ त्यात कुठेच येत नाही. पुढची काच बघण्यासाठी पुसत चला, मागच्या काचेवर आणि दगडांवर आखूड हिरवा थर आला तर राहू द्या, गोल्डफिश दिवसभर त्यावर चरतात आणि तोही पाण्यातलं नत्र उचलतच असतो.

उजेड, खाद्य आणि फिल्टर तिन्ही जागेवर आले, अंधाराचाही उपाय झाला आणि तरी पाणी पुन्हा हिरवं झालं, तर टाकीआधी नळाचं पाणी त्याच टेस्ट किटने तपासा. अमोनिया किंवा नायट्रेट तिथूनच येत असेल तर ते आकडे, दिव्याचे तास आणि माशांची जात मला लिहून पाठवा, मग त्या पाण्याचं काय करायचं ते बघू.